जागल्या : स्थानिक स्वराज्य संस्थांतील कर्मचारी आणि त्याचे संरक्षण

आपल्याच कार्यालयातील भ्रष्टाचार, अधिकाराचा दुरुपयोग किंवा लोकांच्या जिवावर बेतणारी हयगय लोकहितासाठी उघड करणारी व्यक्ती म्हणजे जागल्या. गावगाड्यात रात्री जागून गस्त घालणाऱ्या माणसाला जागल्या म्हणत. मराठी वृत्तपत्रांनी ‘व्हिसलब्लोअर’साठी हा शब्द घेतला आणि तो रुजला. गावाचा जागल्या बाहेरून येणाऱ्या चोरावर नजर ठेवी. कार्यालयातला जागल्या शेजारच्या टेबलाबद्दल, साहेबाबद्दल, कधी सरपंच किंवा सभापतीबद्दल बोलतो. म्हणून त्याने दिलेल्या माहितीइतकाच त्याच्या संरक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांतील कर्मचाऱ्यांपुरता हा प्रश्न येथे प्रामुख्याने महाराष्ट्राच्या संदर्भात मांडला आहे.

कोणाला काय दिसते

महाराष्ट्रात २७ हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत. त्यांचा कारभार १९५८ च्या, जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा १९६१ च्या, नगरपरिषदांचा १९६५ च्या आणि महानगरपालिकांचा १९४९ च्या अधिनियमाने चालतो; मुंबईसाठी १८८८ चा स्वतंत्र अधिनियम आहे. रस्ता, गटार, नळपाणी, शाळाखोली, दिवाबत्ती, घरपट्टी, बांधकाम परवाना ही रोजची कामे इथेच होतात आणि त्यांतली गडबडही आधी इथल्याच माणसाला कळते. निविदा टाळण्यासाठी एका कामाचे चार तुकडे पाडले, हे लिपिकाला ठाऊक असते. जागेवर न जाता मोजमाप पुस्तिका भरली, हे कनिष्ठ अभियंत्याला ठाऊक असते. हजेरीपटावरची न येणारी माणसे मुकादमाला, टँकरच्या न झालेल्या खेपा पाणीपुरवठ्याच्या कामगाराला आणि सरपंच व ग्रामसेवकाची डिजिटल सही असलेला डोंगल कोणाच्या खिशात असतो ते संगणक चालवणाऱ्या मुलाला. लेखापरीक्षक येतो तो वर्ष-दोन वर्षांनी आणि कागद पाहतो. कागद खोटा आहे हे सांगू शकणारी माणसे ही एवढीच.

ही माणसे पदाने लहान असतात. त्यांतली अनेक कंत्राटी किंवा बाह्यस्रोताद्वारे घेतलेली असतात, त्यांना काढायला निलंबनही लागत नाही. पुढच्या महिन्याच्या यादीत नाव नसले की झाले. ग्रामपंचायतीचा शिपाई तर ज्यांच्याविरुद्ध बोलायचे त्यांच्याच गावात, बहुधा त्यांच्याच भावकीत राहतो.

कायद्याची वाट

विधी आयोगाने डिसेंबर २००१ मध्ये आपल्या १७९ व्या अहवालात लोकहितार्थ माहिती उघड करणाऱ्यांसाठी कायद्याची शिफारस केली होती. हालचाल झाली ती मात्र एका मृत्यूनंतर. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंते सत्येंद्र दुबे यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहारांबद्दल थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. पत्र नावासह खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. पुढे खटला लूटमारीच्या हेतूने झालेल्या खुनाचा चालला व २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली. परंतु गुप्ततेची विनंती करूनही नाव फुटले होते, हे सत्य त्याने पुसले जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या विचारणेनंतर केंद्र सरकारने २१ एप्रिल २००४ रोजी एक ठराव काढून केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी स्वीकारण्याचा अधिकार दिला. तक्रार बंद लिफाफ्यात द्यायची, लिफाफ्यावर स्वतःचे नाव घालायचे नाही, आयोगाने नाव बाहेर पडू द्यायचे नाही, अशी ती रीत आजही चालू आहे. मात्र तिचा आवाका केंद्र सरकार आणि केंद्राच्या अखत्यारीतील संस्थांपुरता आहे. राज्य सरकारे आणि स्थानिक संस्था तिच्याबाहेर आहेत. एखाद्या पंचायत समितीतल्या लिपिकाने तोच लिफाफा दिल्लीला पाठवला, तर त्याच्या तक्रारीला तिथे जागा नाही.

सर्वांना सामावून घेईल असा कायदा संसदेत रखडत गेला. विधेयक ऑगस्ट २०१० मध्ये मांडले गेले, लोकसभेने डिसेंबर २०११ मध्ये आणि राज्यसभेने २१ फेब्रुवारी २०१४ रोजी ते मंजूर केले, मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. हा जागल्या संरक्षण अधिनियम (२०१४ चा १७) वाचताना वाटते की स्थानिक कर्मचाऱ्याला हवे ते बरेचसे त्यात आहे. कोणताही लोकसेवक, नागरिक किंवा स्वयंसेवी संस्था तक्रार करू शकते. राज्याच्या पातळीवर राज्य दक्षता आयोग किंवा राज्य शासनाने नेमलेला अधिकारी ती स्वीकारतो. नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रारीमुळे छळ झाल्याचे कर्मचाऱ्याने सांगितले, तर तो छळ नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयावर टाकली आहे. कर्मचाऱ्याला पूर्वीच्या जागी परत बसवण्याचा आदेशही देता येतो. माझ्या मते संपूर्ण अधिनियमात सगळ्यात मोलाची तरतूद ही सिद्धतेच्या जबाबदारीची आहे, कारण बदली सुडाने झाली हे बदली झालेल्याने सिद्ध करायचे म्हटले, तर ते जवळजवळ कधीच होत नाही.

उणिवाही आहेत. निनावी तक्रार घेतली जात नाही, सात वर्षांपूर्वीच्या घटनेची चौकशी होत नाही आणि ‘छळ’ या शब्दाची व्याख्याच दिलेली नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ही तरतूद अनावश्यक नाही; गटबाजीतून आणि पैसे उकळण्यासाठी केलेल्या तक्रारींनी अनेक प्रामाणिक ग्रामसेवक हैराण झालेले असतात.

या सगळ्यावर मात करणारी उणीव वेगळीच आहे. अधिनियम कोणत्या तारखेपासून लागू होणार हे केंद्राने अधिसूचनेने ठरवायचे होते. ती अधिसूचना निघालीच नाही. उलट, माहिती अधिकारातील अपवादांच्या धर्तीवर दहा प्रकारची माहिती वगळणारे दुरुस्ती विधेयक मे २०१५ मध्ये लोकसभेने मंजूर केले. राज्यसभेत ते पडून राहिले आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर बाद झाले. मूळ कायदा पुस्तकात आहे, अंमलात नाही.

दोन दारांच्या मधे

लाचलुचपत प्रतिबंधक अधिनियम, १९८८ नुसार स्थानिक प्राधिकरणाच्या सेवेतील प्रत्येक व्यक्ती ‘लोकसेवक’ आहे. लाच घेताना पकडली गेली तर तिला मंत्रालयातल्या सचिवाला लागतो तोच कायदा लागतो. संरक्षणाची वेळ आली की मात्र ती ‘शासकीय कर्मचारी’ राहत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३११ मधील बडतर्फीविरुद्धचे संरक्षण संघराज्य व राज्य यांच्या नागरी पदांना आहे, जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या नोकरीला नाही. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे बोलीतले ‘मॅट’, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला विभागीय आयुक्तांकडे अपील आणि मग थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला वकिलाची फी आणि प्रवास हीच आधी शिक्षा होते.

पालिकांतील कामगार-वर्गाला एक आधार कामगार कायद्यातून मिळाला. अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमाने छळापोटी कामावरून काढणे आणि धोरणाच्या नावाखाली दुष्टहेतूने बदली करणे यांना अनुचित प्रथा ठरवले. हा कायदा भ्रष्टाचार डोळ्यांसमोर ठेवून केलेला नव्हता, तरीही सफाई कामगार किंवा पालिकेचा मुकादम यांच्या हाती तो २०१४ च्या अधिनियमापेक्षा अधिक खरा ठरला.

सूड कसा घेतला जातो

हत्या आणि हल्ले बातमीत येतात. बहुतेकांच्या वाट्याला येते ते सारे नियमाच्या चौकटीत बसणारे असते. आधी टेबल बदलते, दप्तर काढून घेतले जाते. मग लांबच्या तालुक्यात बदली किंवा काम नसलेल्या जागी ‘साइड पोस्टिंग’. रजा नामंजूर होते, प्रवासभत्त्याचे बिल त्रुटी काढून परत येते. दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या नोंदीवरून कारणे दाखवा नोटीस निघते आणि विभागीय चौकशी सुरू होते. ती संपत नाही, कारण ती संपवण्यासाठी सुरू केलेलीच नसते. चालू असेपर्यंत पदोन्नती अडून राहते. निवृत्तीच्या तोंडावर असलेल्याचे निवृत्तिवेतन आणि उपदान अडकते. सहकारी डबा खायला बोलवेनासे होतात. हे शेवटचे कोणत्याही न्यायालयात मांडता येत नाही आणि माणूस खचतो तो बहुधा इथेच.

न्यायालयांनी वेगवेगळ्या निमित्तांनी यांतील काही वाटा अरुंद केल्या आहेत. गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा, तो ‘चांगला’ असला तरी, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देवदत्त प्रकरणात सांगितले. शिक्षेच्या जागी केलेली बदली टिकत नाही, असे २००९ च्या सोमेश तिवारी प्रकरणात ठरले. दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपुढे लांबवू नये, असे २०१५ च्या अजय कुमार चौधरी प्रकरणात म्हटले. दुसऱ्या बाजूला, काक्रापार अणुवीज केंद्रातील एका कर्मचाऱ्याने १९९४ मध्ये केंद्रात पाणी शिरल्याबद्दल वृत्तपत्राला पत्र लिहिले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला जागल्या मानण्यास नकार देऊन सेवेतून काढण्याची कारवाई कायम ठेवली. आपण तक्रार कोठे नेतो यावर सारे अवलंबून असते, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. आणि स्थानिक कर्मचाऱ्याला नेमके ‘कोठे’ हेच कोणी सांगितलेले नाही.

महाराष्ट्रातील दोन प्रसंग

जळगावमध्ये झोपडपट्टीवासीयांसाठी हाती घेतलेल्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराची फिर्याद फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी स्वतः पोलिसांत दिली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवले. दोषींमध्ये माजी मंत्री व माजी नगरसेवक होते. फिर्यादी आयुक्त असूनही पहिल्या निकालाला साडेतेरा वर्षे लागली. फिर्यादी लेखा विभागातला लिपिक असता तर काय झाले असते, याचा विचार वाचकाने करावा. दुसरा प्रसंग राज्य सेवेतला आहे : नाशिकच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीतील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये सिंचन प्रकल्पांवरील खर्चाबद्दल पत्रे लिहिली. त्यानंतरच्या वादातून श्वेतपत्रिका निघाली आणि माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले गेले. पांढरे मुदतीआधी सेवेतून बाहेर पडले.

आतला माणूस बोलू शकत नाही तेव्हा ओझे बाहेरच्यावर येते. माहिती अधिकारात जमिनींचे व्यवहार उघड करणारे तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. साक्षीदारांसाठी पुढे महाराष्ट्राने २०१७ मध्ये आणि केंद्राने २०१८ मध्ये व्यवस्था केल्या, पण त्या गुन्हा दाखल होऊन साक्षीची वेळ आल्यानंतरच्या आहेत.

इतर देशांत

ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याने नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांनाही संरक्षण आहे. माहिती उघड केल्याबद्दल काढून टाकले तर भरपाईला कमाल मर्यादा नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीतील एका सरकारी वकिलाच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, कर्तव्याचा भाग म्हणून केलेल्या विधानाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कवच नाही. आपल्याला जवळचा वाटावा असा तपशील युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात आहे. प्रत्येक सार्वजनिक संस्थेने अंतर्गत तक्रार-व्यवस्था उभारावी असे तो सांगतो, पण दहा हजारांपेक्षा कमी लोकवस्तीच्या किंवा पन्नासपेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या नगरपालिकांना सूट देण्याची मुभा सदस्य देशांना देतो. अनेक नगरपालिकांना मिळून एक व्यवस्था ठेवण्याचीही सोय त्यात आहे. महाराष्ट्रातील बहुतेक ग्रामपंचायती या मापात बसतात. तीन माणसांच्या कार्यालयात तक्रार कोणी केली हे संध्याकाळपर्यंत गावाला कळते, तिथे गुप्ततेवर भिस्त ठेवता येत नाही. अशा ठिकाणी तक्रारीचे दार तालुक्याच्या बाहेर हवे आणि नाव कळल्यानंतरही नोकरी शाबूत राहील याची हमी हवी.

प्रत्यक्षातील मार्ग

सध्या स्थानिक कर्मचाऱ्यापुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक, लोकआयुक्त आणि वरिष्ठांकडे लेखी अर्ज असे मार्ग आहेत. बदली किंवा निलंबन झाल्यास त्याविरुद्ध दाद मात्र निराळीकडे मागावी लागते. जाणती माणसे म्हणून फायलीवरच्या टिपणीवर विसंबतात. तोंडी आदेश आला की तो तारखेसह लिहून वरिष्ठांकडे सादर करायचा. देयक मंजुरीला आले की ‘मोजमाप पुस्तिकेतील नोंद व प्रत्यक्ष काम यांत तफावत आढळते, आदेश व्हावेत’ एवढे एक वाक्य लिहून सही करायची आणि फाईल पुढे पाठवायची. ही तक्रार नसते, नेमून दिलेले काम असते, त्यामुळे तिच्याबद्दल उघडपणे शिक्षा करणे अवघड जाते. फायलीवरील टिपण्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली नागरिकाला मागता येतात. गावातल्या एखाद्याने वर्षभराने तो कागद मागितला, तर लिपिकाचे ते वाक्य त्याच्या सहीसह आणि तारखेसह बाहेर येते.