वनस्पतींतील प्रतिऑक्सिडीकारके व हृदयविकार : मराठवाड्याच्या आहारासंदर्भात

प्रतिऑक्सिडीकारके (रूढ नाव अँटिऑक्सिडंट) म्हणजे ऑक्सिजनमुळे स्निग्ध पदार्थ व पेशी यांची होणारी नासाडी रोखणारी किंवा लांबवणारी द्रव्ये. क आणि ई जीवनसत्त्वे, कॅरोटिनॉइडे व पॉलिफिनॉले ही त्यांतली वनस्पतींत आढळणारी मुख्य द्रव्ये होत.

ही नासाडी मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात रोजच्या ओळखीची आहे. अख्खे जवस डब्यात महिनोन्‌महिने टिकतात. तेच भाजून कुटले की चटणीला काही दिवसांत खवट वास येऊ लागतो. टरफल फुटते, आतल्या तेलाला हवा लागते आणि त्यातली मेदाम्ले ऑक्सिजनशी संयोग पावतात. रक्तवाहिनीतही याच जातीची क्रिया घडते. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण रोहिणीच्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या) अस्तराखाली अडकतात आणि मुक्त मूलके, म्हणजे एकटे इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील कण, त्यांतला मेद बिघडवतात. हे बिघडलेले कण भक्षक पेशी गिळत राहतात, फुगून फेसाळ होतात आणि त्यांचा थर साचून रोहिणी अरुंद होते. थर फुटून त्यावर गुठळी धरली की हृदयविकाराचा झटका येतो. ई जीवनसत्त्व एलडीएलच्या कणातच असते व ही साखळी तोडते; त्यात खर्ची पडलेल्या ई जीवनसत्त्वाला क जीवनसत्त्व पुन्हा कामाला लावते.

नेदरलँड्समधील झुटफेन येथे ८०५ वृद्ध पुरुषांच्या आहाराचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. चहा, कांदा व सफरचंद यांतून जास्त फ्लॅव्होनॉइडे (पॉलिफिनॉलांचा एक गट) घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा खाणाऱ्या प्रदेशाला यातले कांद्याचे नाव जवळचे वाटेल. मात्र त्यातले क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड लाल कांद्यात अधिक, पांढऱ्यात नगण्य, आणि तेही बाहेरच्या पापुद्र्यांजवळ जास्त असते. दोन-तीन पापुद्रे सोलून टाकले की बराचसा भाग उकिरड्यावर जातो. ज्वारीतली फिनॉलिक आम्ले ही प्रतिऑक्सिडीकारकेही मुख्यतः कोंड्यात असतात, म्हणून पीठ न चाळता केलेली भाकरी चांगली. करडईच्या तेलात ई जीवनसत्त्व भरपूर, पण तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की हे जीवनसत्त्व नष्ट होते. अंबाडी, करडईची कोवळी भाजी, आवळा, जांभूळ व जालन्याची मोसंबी ही या भागातली आणखी साधने.

याच द्रव्यांच्या गोळ्यांचा अनुभव वेगळा आहे आणि तो स्पष्ट सांगायला हवा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत नऊ हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना सुमारे साडेचार वर्षे रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले; झटके कमी झाले नाहीत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत (१९९४) बीटा-कॅरोटिन या कॅरोटिनॉइडाच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढला. अन्नातली पॉलिफिनॉले रक्तात थोडीच उतरतात. बरीचशी आतड्यातले जिवाणू बदलून टाकतात. त्यांचा उपयोग थेट मुक्त मूलके टिपण्यापेक्षा रोहिणीच्या अस्तरातील नायट्रिक ऑक्साइड वाढवून ती सैल ठेवण्यात अधिक असावा, असे आता मानले जाते. शिवाय भाजी-भाकरीतून चोथा आणि पोटॅशियमही मिळते, ते गोळीत नसते.