संथ गतीने वजन उतरवणे

स्नायू शक्यतो न गमावता शरीरातील चरबी हळूहळू कमी करत जाणे, म्हणजे संथ गतीने वजन उतरवणे. बहुतेक प्रौढांसाठी आठवड्याला अर्धा ते एक किलो ही गती सुरक्षित मानतात. रोजच्या गरजेपेक्षा साधारण 500 उष्मांक कमी घेतले की अर्ध्या किलोच्या आसपास घट होते. लग्नसराईच्या तोंडावर मिळणारी ‘आठवड्यात पाच किलो’ची हमी मात्र हिशेबातच बसत नाही. एक किलो चरबीत सुमारे 7,700 उष्मांक असतात; म्हणजे रोज 5,500 उष्मांकांची तूट हवी, आणि एवढे तर बहुतेक माणसे दोन दिवसांतही खर्च करत नाहीत.

उपाशी राहिल्यावर पहिल्या काही दिवसांत काटा झपाट्याने खाली येतो, हे खरे. पण ते बरेचसे ग्लायकोजेन (यकृतात व स्नायूंत साठवलेली साखर) आणि त्यासोबतचे पाणी असते; जेवण पूर्ववत झाले की परत येते. घट आठवड्याला दीड किलोच्या वर राहिली तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. शिवाय केस गळतात, स्नायू झिजतात.

भारतीयांच्या बाबतीत बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा. 80 किलोच्या माणसाने चार ते आठ किलो उतरवले तरी रक्तदाब आणि साखर यांत सुधारणा दिसू लागते. ‘कॉलेजात होतो तेवढा’ बारीक होण्याची गरज नसते.

मुंबईत खरी पंचाईत होते ती संध्याकाळी. दुपारचा डबा एक वाजता संपतो, विरार किंवा कर्जतची गाडी पकडून घरी पोहोचायला नऊ वाजतात, आणि मधल्या भुकेला स्टेशनबाहेरचा वडापाव हाताशी असतो. एका वडापावात साधारण 300 उष्मांक. ही भूक मनाने मारता येत नाही. तिची सोय बॅगेतच करावी लागते. मूठभर फुटाणे, एखादे फळ किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ भरलेला दुसरा छोटा डबा पुरतो. चहाचेही तसेच: दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे नुसत्या साखरेचे 160 उष्मांक.

घरचे तेल मोजायची सोपी पद्धत म्हणजे वाण्याची यादी. चौघांच्या घरात महिन्याला एक लिटरच्या चार पिशव्या लागत असतील, तर माणशी रोज सुमारे 30 ग्रॅम तेल पोटात जाते. एक पिशवी कमी केली की माणशी रोज जवळपास 70 उष्मांक वाचतात. बांगडा रव्यात तळण्याऐवजी त्याचे कालवण केले, तरी प्रथिने तेवढीच मिळतात.

उपवासाने वजन उतरते हा समज श्रावणात हमखास फोल ठरतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तूप, बटाटा आणि दाण्याचे कूट पडले की खिचडीची बशी नेहमीच्या जेवणाला मागे टाकते.

आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालावे आणि दोन दिवस तरी स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, अशी शिफारस आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीच्या फेऱ्या यात धरायला हरकत नाही, फेऱ्यांनंतरचा बटाटावडा वगळून! मात्र केवळ चालण्याने वजन फारसे हलत नाही. उतरलेले वजन टिकवायला त्याचा उपयोग जास्त. वजन घटले की शरीराचा ऊर्जाखर्चही घटतो, म्हणून काही महिन्यांनी काटा अडून बसतो. तेव्हा जेवण आणखी तोडण्यापेक्षा आहारातील प्रथिने आणि व्यायाम तपासून पाहावे.

गरोदर व स्तनदा मातांनी वजन उतरवण्याच्या खटपटीत पडू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण कमी केल्यास साखर एकदम घसरू शकते, त्यामुळे आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. दिवसाला 800 उष्मांकांखालचा आहार केवळ वैद्यकीय देखरेखीखालीच घेतात. वजन घटवणारी टिरझेपटाइड व सेमाग्लुटाइडची इंजेक्शने 2025 पासून भारतात मिळू लागली. तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची असतात, आणि बंद केल्यावर उतरलेल्या वजनाचा बराच भाग परत येतो.