मात्सुमोतो

मात्सुमोतो : जपानमधील एक ऐतिहासिक किल्लेनगर. होन्शू बेटाच्या मध्यभागी, नागानो प्रिफेक्चरमध्ये (प्रांतात), डोंगरांनी वेढलेल्या एका खोलगट मैदानात सुमारे ५९० मी. उंचीवर ते वसले आहे. लोकसंख्या सुमारे २ लाख ४० हजार. पश्चिमेला ‘उत्तर आल्प्स’ म्हणून ओळखली जाणारी हिदा पर्वतरांग, पूर्वेला उत्सुकुशिगाहाराचे पठार (२,०३४ मी.). जुन्या काळी हा मुलूख शिनानो किंवा शिन्शू या नावाने ओळखला जाई. आज परदेशी प्रवासी येथे येतो तो मुख्यतः काळ्या किल्ल्यासाठी. जपानमध्ये मूळ लाकडी तेन्शु (किल्ल्याचा मुख्य बहुमजली मनोरा) टिकून असलेले बाराच किल्ले उरले आहेत. त्यांपैकी राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळालेले पाच : हिमेजी, हिकोने, इनुयामा, मात्सुए आणि मात्सुमोतो.

डोंगराळ मुलखातला किल्ला म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कड्यावरचा गड येतो. मात्सुमोतोचा किल्ला मात्र भुईकोट आहे. भोवती सगळे डोंगर असूनही किल्ला सपाटीवर बांधला, कारण सोळाव्या शतकाच्या अखेरीस किल्ला ही केवळ लढण्याची जागा राहिली नव्हती. कारभार, बाजार, सैनिकांची वस्ती आणि रस्त्यांवरचा ताबा हे सगळे एका ठिकाणी आणायचे होते. कड्याची उणीव पाण्याने भरून काढली. डोंगरांतून येणाऱ्या नद्यांनी आणलेल्या गाळाच्या या जमिनीखाली पाणी मुबलक आहे, आणि ते खंदकांत खेळवता आले. आतला खंदक रुंद असेल तिथे ६० मी.च्या जवळपास जातो. तोड्याच्या बंदुकीचा नेम पलीकडच्या काठावरून तेन्शुवर नीट लागू नये, असा त्यामागचा हिशेब सांगतात. याच पाण्याने आणि मऊ जमिनीने पुढे किल्ल्याला कोणत्याही शत्रूपेक्षा जास्त त्रास दिला.

इतिहास. १५०४ मध्ये ओगासावारा घराण्याच्या एका सरदाराने येथे फुकाशी नावाची गढी बांधली. १५५० मध्ये शेजारच्या काई प्रांताचा बलाढ्य सरदार ताकेदा शिंगेन याने ती घेतली व शिनानो जिंकण्यासाठी तिचा ठाणे म्हणून उपयोग केला. १५८२ मध्ये ताकेदा घराण्याचा पाडाव झाल्यावर ओगासावारा सादायोशीने ती परत मिळवली आणि तिचे नाव मात्सुमोतो ठेवले. आज दिसणारा किल्ला त्यानंतरचा आहे. १५९० मध्ये जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीने आपला प्रबळ प्रतिस्पर्धी तोकुगावा इएयासु याला पूर्वेकडे कान्तो प्रदेशात हलवले आणि मात्सुमोतो इशिकावा काझुमासाच्या हाती दिले. काझुमासा हा इएयासुचा वर्षानुवर्षांचा विश्वासू सरदार. पण १५८५ मध्ये तो धन्याला सोडून हिदेयोशीला मिळाला होता. इएयासुच्या मुलखावर डोळा ठेवायला त्याच्याच घरचा भेदी बसवणे, यात हिदेयोशीचा धूर्तपणा दिसतो. काझुमासा थोड्याच काळात वारला. १५९३–९४ च्या सुमारास तेन्शु उभा केला तो त्याचा मुलगा यासुनागा याने. १६१३ मध्ये, तोवर देशाची सत्ता हाती आलेल्या तोकुगावा घराण्याने इशिकावा घराण्याची जहागीर काढून घेतली. पुढे सरदारांची राजवट संपवणाऱ्या १८६८ च्या मेइजी क्रांतीपर्यंत येथे एकामागून एक सरदार घराणी नांदली. सुरुवातीपासूनची घराणी सहा आणि त्यांतले सत्ताधीश तेवीस, अशी मोजणी करतात.

तेन्शु. मुख्य मनोरा २९.४ मी. उंच आहे. बाहेरून पाच छपरे दिसतात, आत मजले सहा आहेत. लपलेला मजला तिसरा. त्याला खिडकी नाही, छत ठेंगणे. लढाईच्या वेळी शिपायांना बाहेरून न दिसता येथे थांबवता येई. भिंतींमध्ये बाण सोडण्यासाठी ६० आणि बंदुकांसाठी ५५ जंग्या आहेत. खालून चढणाऱ्यांवर दगड लोटण्यासाठी कोपऱ्यांना तिरप्या फटी ठेवल्या आहेत. जिने उभे आहेत. चौथ्या आणि पाचव्या मजल्यांमधला तर ६१ अंशांचा. पाहुण्याला पायताण काढून, पिशवीत घालून हातात धरून चढावे लागते. गुळगुळीत पायरी, एका हातात पिशवी, समोरून उतरणारी माणसे : किल्ला जिंकायला किती अवघड होता हे कळायला माहितीफलक वाचण्याची गरज उरत नाही.

प्रत्यक्षात तो जिंकायला कोणी आलेच नाही. तेन्शु उभा राहिल्यावर काही वर्षांतच, १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर, देशातल्या यादवीचा निकाल इएयासुच्या बाजूने लागला. हा बदल इमारतीतच वाचता येतो. आग्नेयेला जोडलेला चंद्रदर्शनाचा मनोरा इएयासुचा नातू मात्सुदाइरा नाओमासा याने १६३० च्या दशकात बांधला. शोगुन (देशाचा लष्करी सत्ताधीश) इएमित्सु झेंकोजी मंदिराच्या यात्रेला जाताना येथे उतरेल म्हणून त्याच्यासाठी ही तयारी, अशी हकीकत आहे. शोगुन आलाच नाही. तीन बाजूंनी उघडणारी दालने आणि भोवती शेंदरी कठड्याची गॅलरी, संरक्षणाची सोय शून्य. तेन्शु आणि हा मनोरा यांच्यामध्ये जेमतेम चाळीस वर्षे आहेत. अनेकजण हा भाग घाईने ओलांडून बाहेर पडतात. माझ्या मते संपूर्ण वास्तूत पाहण्यासारखी खरी जागा हीच.

किल्ल्याचा काळा रंग उरुशी या झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणाचा आहे. पांढऱ्या गिलाव्याखालच्या लाकडी फळ्यांना तो पावसापासून जपतो. हे रोगण दरवर्षी सप्टेंबर–ऑक्टोबरच्या सुमारास नव्याने दिले जाते. ते वाळायला हवेत दमटपणा लागतो, त्यामुळे काम कधी करायचे हे हवामानच ठरवते. खंदकाच्या पश्चिमेकडचा लाल पूल बहुतेक छायाचित्रांत असतो. तो मात्र विसाव्या शतकातला आहे.

सहाव्या मजल्याच्या आढ्यापाशी ‘सव्विसाव्या रात्रीच्या’ देवीचे छोटे देवस्थान आहे. १६१८ च्या पहिल्या महिन्यात पहाऱ्यावरच्या एका तरुण शिपायाला तिने दर्शन दिले आणि दर महिन्याच्या सव्विसाव्या तिथीला तांदळाचा नैवेद्य दाखवलात तर किल्ला सुरक्षित राहील असे सांगितले, ही कथा. १७२७ च्या आगीत राजवाडा जळून गेला पण शेजारचा तेन्शु वाचला, त्याचे श्रेय लोक देवीला देतात.

कासुकेचा शाप. १६८६ मध्ये मिझुनो घराण्याच्या काळात, पिके बुडालेली असताना, सारावसुलीत भाताच्या पोत्यामागे मागितले जाणारे माप वाढवले गेले. तादा कासुके या माजी गावप्रमुखाच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी किल्ल्याभोवती जमले. अधिकाऱ्यांनी मागण्या लेखी मान्य केल्या, जमाव पांगला, आणि मग दिलेले कागद काढून घेऊन म्होरक्यांना पकडण्यात आले. कासुकेसह २८ जणांना देहदंड झाला. वधस्तंभावरून कासुकेने तेन्शुकडे रोखून पाहिले आणि तेन्शु कलला, असे लोक सांगू लागले. मेइजी काळातल्या छायाचित्रात तेन्शु खरोखरच एका बाजूला झुकलेला दिसतो. कारण पायात होते. मऊ जमिनीत वजन पेलण्यासाठी दगडी जोत्याच्या आत १६ लाकडी खांब पुरले होते. ओलीने ते कुजले आणि मनोरा झुकला. शापाची गोष्ट त्या कलण्याला मागाहून चिकटली असावी. तरी ती टिकली, यावरून त्या दगाबाजीची आठवण गावांनी किती पिढ्या जपली ते कळते. मिझुनो घराण्याचा शेवट मात्र शापाविनाच झाला : १७२५ मध्ये त्यांच्या वंशजाने एदो (आजचे तोक्यो) येथील शोगुनच्या किल्ल्यात दुसऱ्या सरदारावर तलवार उपसली आणि जहागीर जप्त झाली.

लिलाव आणि जीर्णोद्धार. सरंजामशाही संपल्यावर नव्या सरकारला किल्ले नको होते. १८७२ मध्ये तेन्शु २३५ र्‍योंना (र्‍यो हे जुने जपानी चलन) लिलावात विकला गेला; घेणाऱ्याला हवे होते लाकूड आणि लोखंड. इचिकावा र्‍योझो या स्थानिक कार्यकर्त्याने पाडकाम पुढे ढकलण्याची विनंती केली आणि १८७३ पासून थेट तेन्शुमध्येच प्रदर्शने भरवून पैसे उभे केले. ज्या वास्तूत सामान्य माणसाला पाऊल टाकता येत नव्हते ती तिकीट काढून पाहायला लोक आले, आणि त्यांच्याच पैशाने ती वाचली. पुढची तीस वर्षे मात्र डागडुजीविना गेली. कलता तेन्शु सावरण्याचे काम मात्सुमोतो माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी उनारी यांनी हाती घेतले. १९०३ ते १९१३ अशी दहा वर्षे ते चालले. १९५०–५५ मध्ये तेन्शुचा सुटा भाग न् भाग उतरवून पुन्हा जोडण्यात आला. १९५२ मध्ये त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. राजवाडा पुन्हा बांधला गेला नाही. त्याच्या जागी आज मोकळे मैदान आहे.

नगर. किल्ल्याच्या उत्तरेला जुनी काइची शाळा (१८७६) आहे. तातेइशी सेइजू या सुताराने तोक्यो–योकोहामातील पाश्चात्त्य इमारती पाहून ती आपल्या पद्धतीने रचली : अष्टकोनी मनोरा, दारावर ढग, ड्रॅगन आणि शाळेचे नाव धरलेले देवदूत. खर्चाचा सुमारे ७० टक्के भाग रहिवाशांनी उचलला. २०१९ मध्ये तिलाही राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. आधुनिक काळातल्या शाळेच्या इमारतीला तो प्रथमच लाभला. त्याच १८७६ साली मात्सुमोतो राजधानी असलेले चिकुमा प्रिफेक्चर मोडून त्याचा शिनानोतला भाग नागानो प्रिफेक्चरमध्ये विलीन केला गेला, आणि राजधानीचा मान नागानो शहराकडे गेला. नागानो शहराविषयीची येथली कुरबुर तेव्हापासूनची, आणि अजून पुरती विरलेली नाही.

दक्षिणेला मेतोबा नदीपलीकडे नाकामाची हा व्यापाऱ्यांचा भाग. १८८८ च्या मोठ्या आगीनंतर तेथे जाड मातीच्या भिंतींची, काळ्या फरशांवर पांढऱ्या तिरप्या रेघांची कोठारे उभी राहिली. आज त्यांत दुकाने व खाणावळी आहेत. नदीच्या अलीकडचा नावाते रस्ता छोट्या दुकानांचा आणि बेडकांच्या पुतळ्यांचा. शहरात जागोजागी झरे व विहिरी आहेत; गेन्ची विहिरीवर लोक आजही बाटल्या भरून नेतात.

चित्रकार कुसामा यायोई यांचा जन्म येथे १९२९ मध्ये झाला; शहराच्या कलासंग्रहालयात त्यांची दालने आहेत. मुलांना व्हायोलिन शिकवण्याची सुझुकी शिनइची यांची पद्धत येथूनच जगभर गेली. वाद्यवृंदसंचालक ओझावा सेइजी यांनी १९९२ मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव उन्हाळ्याच्या अखेरीस भरतो.

भेट. तोक्योच्या शिंजुकु स्थानकावरून ‘आझुसा’ जलदगाडीने सुमारे अडीच तास, नागोयाहून ‘शिनानो’ने सुमारे दोन तास लागतात. स्थानकापासून किल्ला पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मे महिन्याच्या आरंभीच्या आणि ऑगस्टमधल्या ओबोन या पूर्वजस्मरणाच्या सणाच्या सुट्ट्यांत जिन्यांवर लांब रांग लागते. सकाळी उघडताच गेलेले बरे. चेरीचा बहर एप्रिलमध्ये, तोक्योनंतर येतो. जानेवारीत पहाटेचे तापमान शून्याखाली जाते आणि तेन्शुत तापवण्याची सोय नाही, मोजे जाडच हवेत. खाण्यात बकव्हीटच्या शेवया म्हणजे सोबा आणि लसूण लावून तळलेली कोंबडीची अख्खी तंगडी म्हणजे सान्झोकु-याकी प्रसिद्ध. शाकाहारी माणसाने सोबाच्या रश्श्यात माशाचा अर्क असतो हे ध्यानात ठेवावे. मुक्कामाला शहरालगत आसामा येथे गरम पाण्याचे झरे आहेत. आल्प्समधील कामिकोची खोऱ्यात जायला शिन-शिमाशिमापर्यंत रेल्वे आणि पुढे बस. खासगी वाहनांना तेथे मज्जाव आहे. हा मार्ग एप्रिलच्या मध्यानंतर खुला होतो आणि १५ नोव्हेंबरला हंगाम संपतो.