कंपाइल-टाइम टाइप तपासणी आणि अध्याहृत रूपांतर

प्रोग्राम चालण्याआधी, कंपाइल होत असतानाच (म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवला जात असतानाच), त्यातल्या प्रत्येक पदावलीचा, म्हणजे मूल्य देणाऱ्या तुकड्याचा, टाइप (मूल्याचा प्रकार) ठरवायचा आणि तो वापराच्या जागी चालतो का ते पाहायचे, ही कंपाइल-टाइम टाइप तपासणी. टाइप जुळत नसले, पण भाषेच्या नियमांत सोय असली, तर कंपायलर तक्रार न करता एका टाइपचे मूल्य दुसऱ्या टाइपमध्ये बदलून घेतो. हे प्रोग्रामरने कुठे लिहिलेले नसते, म्हणून ते अध्याहृत रूपांतर. रोजच्या बोलण्यात इम्प्लिसिट कन्व्हर्जन. या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात, कारण भाषेने असे एक रूपांतर मान्य केले की तपासणीतून एक तक्रार कमी होते.

तपासणीला टाइप कळतात. चालू प्रोग्राममधली मूल्ये सहसा कळत नाहीत. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आसपास नष्ट झाले, तेव्हा ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नव्हती. अध्याहृत रूपांतराचा धोका सांगताना हा दाखला हटकून दिला जातो, पण तो तिथे बसत नाही. अ‍ॅडा भाषेतले ते रूपांतर प्रोग्रामरने स्वतः लिहिलेले होते आणि टाइपच्या हिशेबात त्यात काही चूक नव्हती.

अध्याहृत रूपांतराचा खरा गोंधळ पाहायचा तर सी भाषेकडे वळावे. चिन्ह असलेला पूर्णांक उणे १ आणि चिन्हविरहित १ यांची तुलना केली, तर उणे १ लहान आहे याचे उत्तर 'खोटे' येते. दोन्ही बाजू एका टाइपमध्ये आणताना नियम चिन्हविरहित टाइपला झुकते माप देतो, आणि ३२ बिटांत उणे १ चे ४२९४९६७२९५ होतात. नियमानुसार सगळे रीतसर घडते, म्हणून कंपाइलही बिनबोभाट होते. जीसीसीसारखे कंपायलर इशारा देतात, पण तो पर्याय चालू असेल तरच. ३ < २ < १ ही पदावलीही सीमध्ये खरी ठरते: पहिल्या तुलनेचे उत्तर ० हा साधा पूर्णांक असतो आणि तो १ पेक्षा लहानच आहे.

जावाने यावर तोडगा म्हणून 'रुंद' होणारी रूपांतरे आपोआप मान्य केली. व्हेरिएबलमधली मोठी संख्या लहान टाइपमध्ये कोंबायची असेल तर ते लिहूनच सांगावे लागते. तरी एक फट राहिली. इंट या पूर्णांकांच्या टाइपमधला १६७७७२१७ फ्लोट या दशांश संख्यांच्या टाइपमध्ये ठेवला की १६७७७२१६ होतो, कारण फ्लोटची व्याप्ती मोठी असली तरी अचूकता २४ बिटांचीच आहे. कंपायलर अवाक्षर काढत नाही.

सी प्लस प्लसमध्ये प्रोग्रामर स्वतःच्या क्लासलाही (स्वतः घडवलेल्या टाइपलाही) अशी रूपांतरे देऊ शकतो. लांबी घेऊन यादी तयार करणारा कन्स्ट्रक्टर (क्लासचे मूल्य घडवणारे फंक्शन) असेल, तर यादी मागणाऱ्या फंक्शनला नुसते १० दिले तरी दहा रिकाम्या घरांची यादी उभी राहते. हे टाळण्यासाठी कन्स्ट्रक्टरला 'एक्सप्लिसिट' हा शब्द लावतात. खरे तर एकच आर्ग्युमेंट (दिलेले मूल्य) घेणाऱ्या बहुतेक कन्स्ट्रक्टरना ते लावलेले बरे. अशी स्वनिर्मित रूपांतरे एका साखळीत एकाहून अधिक होत नाहीत, आणि २०११ च्या मानकापासून महिरपी कंसांतल्या आरंभीकरणात मूल्य कापणारे रूपांतर नियमबाह्य आहे.

अल्गॉल ६८ या भाषेने अशा रूपांतरांचे सहा प्रकार मानून कोणते कुठे चालेल हे काटेकोरपणे बांधले होते. गो, रस्ट, हास्केल या भाषांनी दुसरे टोक गाठले: संख्यांच्या टाइपमध्ये आपोआप काहीच बदलत नाही. गोमध्ये इंट आणि इंट६४ यांची थेट बेरीजही होत नाही, मशीनवर दोघांचा आकार सारखा असला तरी. मात्र नुसत्या लिहिलेल्या स्थिरांकांना तिथे ठरलेला टाइप नसतो, त्यामुळे फ्लोट६४ च्या व्हेरिएबलमध्ये १ मिळवता येतो. इंटमध्ये १.५ मिळवायला गेलात तर कंपायलर अडवतो, कारण स्थिरांकाचे मूल्य त्याला तिथेच माहीत असते.