दारू आधी की नैराश्य आधी?

दारू सुटली की मन आपोआप ताळ्यावर येईल, असं घरच्यांना वाटतं. पिणारा म्हणतो, आधी मन ताळ्यावर येऊ दे, मग दारू सोडतो. या ओढाताणीत उपचार लांबत जातात.

मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव दारू वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा दाबते. म्हणून सुरुवातीला धास्ती ओसरते. पण रोज पिणं सुरू झालं की मेंदू तोल सावरायला लागतो: गाबाला कमी दाद देतो, ग्लुटामेटला जास्त. मग दारू उतरली की उत्तेजना तेवढी उरते. पहाटे दचकून जाग येते, छाती धडधडते, हात थरथरतात, अंगाला घाम सुटतो. एका पेगने हे थांबतं आणि चिंतेवर दारू हेच औषध, अशी त्याची खात्री पटते. प्रत्यक्षात त्यातली बरीचशी चिंता दारूनेच निर्माण केलेली असते.

बरीचशी, सगळी नव्हे. चारचौघांत बोलण्याची तीव्र भीती अनेकदा पहिल्या घोटाच्या कितीतरी आधीची असते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ खोदून विचारतात: पिणं सुरू होण्याआधी हा त्रास होता का? मध्ये काही महिने दारू बंद होती, तेव्हा मन कसं होतं? दारूमुळे आलेलं नैराश्य बहुधा दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. महिना उलटूनही ते हटलं नाही, तर तो स्वतंत्र आजार असण्याची शक्यता वाढते.

तोवर नुसती वाट बघायची, असं मात्र नाही. ‘आधी दारू सोडा, मग बघू’ हे सांगणं मला क्रूर वाटतं. नैराश्य आणि दारू एकत्र आले की आत्महत्येचा धोका वाढतो, मग नैराश्य दारूमुळे आलेलं का असेना. दोन्ही आजारांवर उपचार एकाच वेळी व्हायला हवेत: नाल्ट्रेक्सोनसारखं व्यसनावरचं औषध, गरजेप्रमाणे नैराश्याची गोळी, जोडीला समुपदेशन.

आणि रोज भरपूर पिणाऱ्याने आपल्या मनाने दारू एकदम तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, गोंधळ, ताप सुरू झाला तर ते जिवावर बेतू शकतं. घरच्यांनी त्याला नाटक न समजता लगेच रुग्णालय गाठावं.