डॉइल ब्रन्सन

ब्रन्सन, डॉइल फ्रँक (१० ऑगस्ट १९३३ – १४ मे २०२३). अमेरिकी व्यावसायिक पोकरपटू. लास व्हेगास येथे दरवर्षी भरणाऱ्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा त्यांनी १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. या मालिकेत त्यांची एकूण १० विजेतेपदे आहेत. मात्र त्यांचे खरे महत्त्व बक्षिसांत मोजता येत नाही. चोरून खेळला जाणारा जुगार हा उघड अभ्यासाचा खेळ झाला, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

जन्म टेक्सासमधील लाँगवर्थ या खेड्यातला. शाळेत असताना त्यांनी एक मैलाची शर्यत ४ मिनिटे ४३ सेकंदांत जिंकली होती. हार्डिन-सिमन्स विद्यापीठात बास्केटबॉल खेळत असताना मिनिआपोलिस लेकर्स या संघाची त्यांच्यावर नजर होती. सुटीत एका जिप्सम कारखान्यात काम करताना फळ्यांची चळत पायावर कोसळली आणि नडगी मोडली. खेळाडू म्हणून कारकीर्द तिथेच संपली. पुढे पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते कार्यालयीन यंत्रे विकू लागले. पण पत्त्यांच्या एका बैठकीत महिन्याच्या पगाराहून अधिक कमाई झाल्यावर त्यांनी नोकरी सोडून दिली.

सुरुवातीची वर्षे फोर्ट वर्थच्या एक्सचेंज स्ट्रीटवरील बेकायदा अड्ड्यांत गेली. ‘अमॅरिलो स्लिम’ प्रेस्टन आणि ‘सेलर’ रॉबर्ट्स या मित्रांबरोबर एकाच गाठीच्या पैशांवर ते गावोगाव खेळत हिंडले. तिथे जिंकणे सोपे होते. जिंकलेले घेऊन सुखरूप बाहेर पडणे अवघड, कारण एकीकडे पोलीस आणि दुसरीकडे बंदूकधारी लुटारू. १९६२ मध्ये, लग्नाला फार दिवस झाले नसताना, त्यांना कर्करोग झाल्याचे कळले. शस्त्रक्रियेनंतर ते बरे झाले आणि याचे श्रेय त्यांनी प्रार्थनेला दिले. पत्ते खेळून पोट भरणारा माणूस म्हणजे समाजातून उठलेला, अशी त्या काळची समजूत होती. १९७२ च्या मुख्य स्पर्धेत अखेरच्या तिघांत असतानाही, नाव गाजू नये म्हणून त्यांनी माघार घेतली.

टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन झाकली पाने असतात आणि मधली पाच सर्वांची; या सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी जुळतात, तो जिंकतो. ‘नो-लिमिट’मध्ये आपल्यासमोरची सगळी रक्कम एका वेळी लावता येते. बहुतेक खेळाडू भारी पानांची वाट पाहत बसत, तर ब्रन्सन सतत चाल वाढवत. ज्या लहान रकमांसाठी कोणी झगडत नसे, त्या ते एकामागून एक उचलत. मग मोठ्या डावात कुणी अडवलेच, तर पणाला लागे ती आधी इतरांकडूनच जिंकलेली रक्कम. वरवर बेफिकिरी वाटणाऱ्या या खेळामागे असा रोकडा हिशेब होता.

दोन्ही विजेतेपदांचा शेवटचा डाव त्यांनी दश्शी आणि दुर्री या हलक्या पानांवर जिंकला. दोन्ही वेळा पहिली तीन पाने उघडली तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या दोन जोड्या जुळल्या होत्या, ब्रन्सन यांच्याकडे फक्त दश्श्यांची एक जोडी. दोन्ही वेळा चौथे पान दुर्री आले, पाचवे दश्शी; म्हणजे तीन दश्श्या आणि दोन दुर्र्या, दोन जोड्यांहून भारी. १९७६ मध्ये जेसी आल्टो हरले, १९७७ मध्ये गॅरी बर्लंड. आजही पोकरपटू या जोडीला ‘डॉइल ब्रन्सन’ म्हणतात. लोकांच्या लक्षात हा योगायोगच राहिला, हे काहीसे अन्यायाचे आहे.

कारण १९७८ मध्ये त्यांनी त्याहून धाडसाची गोष्ट केली. ‘सुपर/सिस्टम’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आपली सारी पद्धत उघड लिहून ठेवली. इतर प्रकारांवरील प्रकरणे चिप रीस, माइक कॅरो, बॉबी बॉल्डविन, डेव्हिड स्कलान्स्की अशा जाणकारांकडून घेतली. सहा वर्षांपूर्वी नाव लपवणारा माणूस आता आपली विद्याच वाटत होता. त्याची किंमतही मोजावी लागली: पुस्तक वाचलेले खेळाडू त्यांच्याच चाली त्यांच्यावर उलटवू लागले.

१९८० च्या मुख्य स्पर्धेत तरुण स्टू उंगर यांनी त्यांना हरवले. १९८८ मध्ये पोकर हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. दहावे विजेतेपद २००५ मधले, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीचे. त्याच वर्षी मुलगा टॉड यानेही आपले पहिले मिळवले. २०१८ मध्ये, ८४ व्या वर्षी, आजारी पत्नी लुईस यांच्याजवळ राहण्यासाठी त्यांनी या मालिकेचा निरोप घेत असल्याचे जाहीर केले. निरोपाच्या त्या स्पर्धेतही ते अंतिम टेबलापर्यंत, म्हणजे अखेरच्या मोजक्या खेळाडूंत, पोहोचले आणि सहावे आले.