सायकल ट्रॅक उखडलाय? पुण्यात अर्ज नेमका कुणाकडे करायचा

पुणे महापालिकेने सायकल आराखडा २०१७ च्या डिसेंबरात मंजूर केला. ट्रॅक मात्र आजही अनेक ठिकाणी अचानक संपतात, आणि आहेत तिथे ब्लॉक निघालेले दिसतात. दुरुस्तीची जबाबदारी महापालिकेचीच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे बंधनकारक कर्तव्य आहे आणि ट्रॅक हा रस्त्याचाच भाग.

घोळ होतो तो विभागांचा. मोठ्या रस्त्यावरचे उखडलेले ब्लॉक, तुटलेले बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब) पथ विभागाकडे. गल्लीबोळातले काम क्षेत्रीय कार्यालयाकडे. हातगाडी किंवा दुकानाचा फलक असेल तर अतिक्रमण विभाग, राडारोड्यासाठी घनकचरा विभाग. ट्रॅकवर लावलेली चारचाकी हा वाहतूक पोलिसांचा विषय. म्हणून एका अर्जात एकच तक्रार लिहा, नाहीतर तो नुसता या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

तक्रार कुणीही करू शकतो. मालमत्ता कराची पावती वा रहिवासी दाखला लागत नाही. फोटो मात्र हवाच. जागा सांगताना 'चौकाजवळ' एवढ्यावर थांबू नका. जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक लिहा, कनिष्ठ अभियंत्याला तोच उपयोगी पडतो. तक्रार ऑनलाइन केली तर टोकन क्रमांक जपा, कागदावर दिली तर आवक शिक्क्याची पोच घ्या.

केबल किंवा गॅसच्या लाइनसाठी ट्रॅक खोदून तसाच सोडला असेल, तर खोदाईची परवानगी कुणाला दिली आणि रस्ता पूर्ववत कुणी करायचा होता, हे विचारा. नवा ट्रॅक लवकर उखडला तर कामाचा दोषदायित्व कालावधी विचारा. तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. माझ्या मते साध्या तक्रारीपेक्षा हे दोन प्रश्न जास्त काम करतात.

उत्तर नाहीच आले तर माहिती अधिकार. अर्जदार भारतीय नागरिक हवा. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. मुदत उलटली की ३० दिवसांत प्रथम अपील करा.